तक्त्याची शेवटची ओळ

३ मार्च, सोमवार

काचबिंदू. पत्नीच्या उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ संपली आहे. डाव्याची निम्मी शिल्लक आहे. गेलेली परत येणार नाही. उरलेली राखावयाची, एवढेच आता हाती आहे.

डॉक्टर तरुण आहेत. माझ्या मुलीपेक्षाही लहान असावेत. पत्नीला बाहेर बसवून त्यांनी मला एकट्याला आत बोलावले. "आजोबा, दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर उजवा डोळा वाचला असता." आजोबा! मी खुर्चीत बसलो नाही. उभाच राहिलो. तेव्हा त्यांना माझी दया आली असावी. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बट डोन्ट ड्वेल ऑन इट."

मी मान हलवली. जणू हे वाक्य मी रोजच्या बोलण्यात वापरतो!

इंग्रजी मला येत नाही. अक्षरे येतात. सव्वीसच्या सव्वीस येतात, लांबून, जवळून, धूसर, उलटीसुद्धा. एक्कावन्न वर्षे ती माझ्या चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्यावर टांगलेली आहेत. परंतु अक्षर ओळखणे निराळे आणि वाक्य समजणे निराळे. चौथी उत्तीर्ण झालो, वर्गात दुसरा आलो. आणि ज्या वर्षी इंग्रजी सुरू व्हावयाचे त्याच वर्षी काचा घासण्याच्या चाकावर बसलो.

बाहेर आलो तर पत्नीने विचारले, "काय म्हणाले?"

"थेंब घालायचे म्हणाले. दिवसातून दोनदा."

"एवढंच? एवढ्या वेळात मी अख्खी बाटली डोळ्यांत ओतली असती."

ती हसली. मी रिक्षा शोधू लागलो.

४ मार्च, मंगळवार

दुकानात एका गिऱ्हाइकाने विसरलेला जाड इंग्रजी-मराठी कोश आहे. आजवर तो फ्रेमच्या खोक्यांवर वजन म्हणून होता. दुपारी तो उघडला. 'ड्वेल' कसा लिहितात हे ठाऊक नसल्यामुळे दीड तास गेला. शेवटी भिंगाखाली सापडला — राहणे, वास्तव्य करणे.

"त्यावर राहू नका"? कशावर? अर्थ लागत नाही.

६ मार्च, गुरुवार

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई दुकानात आल्या. शाळेत इंग्रजीच शिकवतात.

"काका, स्क्रू पुन्हा सैल झालाय."

"स्क्रू सैल झालेला नाही. आपण चष्मा डोक्यावर चढवता, त्याने काड्या फाकतात."

"मग डोकं बारीक करून द्या."

स्क्रू आवळता आवळता मी विचारले की, एका गिऱ्हाइकाला एका इंग्रजी वाक्याचा अर्थ हवा आहे. बाईंनी भुवया उंचावल्या. "गिऱ्हाइकं चष्मेवाल्याला इंग्रजी विचारायला लागली?" मी म्हणालो, लोक काहीही विचारतात. आणि वाक्य सांगितले.

बाई चांगल्या शिक्षिका असाव्यात. पटकन उत्तर देऊन मोकळ्या झाल्या नाहीत. म्हणाल्या, "नुसतं ड्वेल म्हणजे राहणं. जुना शब्द, आता बोलण्यात कोणी वापरत नाही. पण पुढे 'ऑन' लागलं की घराचा संबंध संपला. मग एखाद्या गोष्टीपाशी मन थांबतं आणि तिथून निघतच नाही. सामना हरलात, सारखं तेच आठवताय — डोन्ट ड्वेल ऑन इट."

"चांगल्या गोष्टीविषयी वापरीत नाहीत?"

"वापरतात की. वक्ता एकाच मुद्द्यावर खूप वेळ बोलला तरी म्हणतात. तिथे वाईट काही नाही. पण आधी 'डोन्ट' आलं ना, की समजायचं — काहीतरी घडलंय आणि ते आता बदलणार नाही."

"म्हणजे ही आज्ञा, की सल्ला?"

"सांत्वन, काका."

चष्मा डोळ्यांवर ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "गिऱ्हाईक बरं आहे ना?"

"बरे आहे," मी म्हणालो.

९ मार्च, रविवार

दुकान बंद. पत्नीच्या डोळ्यांत सकाळचे थेंब घातले. ती मान मागे टाकून बसते आणि मी खालची पापणी ओढतो. हात थरथरत नाही, त्याचा मला अभिमान वाटला — आणि लगेच लाज वाटली.

आपल्या भाषेत त्या इंग्रजी वाक्यासाठी नेमका शब्द कोणता, याचा दुपारभर विचार केला. 'रेंगाळणे' हे पायांचे काम; त्यात थोडी मजाही असते. 'उगाळणे' तोंडाने होते, ऐकणारा कोणीतरी लागतो. 'मनाला लावून घेणे' जवळचे आहे. परंतु ते एकदाच घडते, आणि हे तर चालूच राहते. 'घोळवणे' म्हटले तर जिभेवर काही गोड असल्यासारखे वाटते. एकही शब्द बेतात बसत नाही. फ्रेम आहे, तिच्या मापाची काच नाही.

आता खरे ते लिहितो. येथे कोणी वाचणार नाही.

तीन वर्षांपूर्वी पत्नी प्रथम म्हणाली, "अहो, नीट दिसत नाही." मी तिला दुकानात नेले. तक्त्यासमोर बसवले. तिने शेवटची ओळ वाचली — सर्वांत बारीक, भले भले अडखळतात ती! एक अक्षर चुकली नाही. मी नंबर किंचित बदलून नवा चष्मा करून दिला. पुढच्या वर्षी पुन्हा तीच तक्रार. पुन्हा शेवटची ओळ. पुन्हा नवा चष्मा. असे चार चष्मे झाले. चारही मी स्वतः घासले, स्वतः बसवले.

मधल्या काळात ती दाराच्या चौकटीला आपटली. टेबलाच्या कडेचा पेला पाडला. जिन्यात शेजारणीला धडकली. मी म्हणालो, "डोळे शाबूत आहेत, लक्ष शाबूत नाही!" आणि गिऱ्हाइकांसमोर हसलो.

तक्ता समोर असतो. समोरचे किती बारीक दिसते एवढेच तो विचारतो. काचबिंदू बाजूंनी खात येतो आणि समोरचे शेवटपर्यंत ठेवतो, हे डॉक्टरांनी मला सोमवारी कागदावर वर्तुळ काढून समजावले. एक्कावन्न वर्षांत मी कोणालाही विचारले नाही की, बाजूचे दिसते का.

भाचीने एकदा सुचवले होते, मामींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मी म्हणालो, "डॉक्टर शेवटी माझ्याकडेच पाठवणार."

१० मार्च, सोमवार

आज दिवसभर ड्वेल केले नाही. निदान सकाळी दहापर्यंत.

१३ मार्च, गुरुवार

एका गिऱ्हाइकाच्या डाव्या काचेच्या जागी उजवी बसवली. असे आयुष्यात घडले नव्हते! तो भला माणूस म्हणाला, "राहू द्या हो, होतं असं." मी त्याच्यासमोर दोन्ही काचा काढल्या आणि पुन्हा बसवल्या.

मुलीचा फोन आला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि शहर-बस चालवते, अकरा वर्षे झाली. एकदाही अपघात नाही. दरवर्षी तिच्या आगाराकडून शाबासकीचे पत्र येते आणि ते मी दुकानात लावतो. आईच्या डोळ्यांना थेंब सुरू झाले एवढेच मी तिला सांगितले. ती आपल्याच नादात होती. "बाबा, डावीकडचा आरसा पुन्हा खांबाला घासला. महिन्यात दुसऱ्यांदा! आमचा मेकॅनिक म्हणतो, ताई, आरसा मागे बांधून ठेवा."

पत्नी पलीकडून ओरडली, "आरशाला सांग, लक्ष शाबूत ठेव!"

माझ्याच शब्दांत टोमणा मारला. मी फोन तिच्या हाती दिला आणि उठलो.

१५ मार्च, शनिवार

डोळे मिटले की तीच शेवटची ओळ. पत्नी वाचते आहे, मी खूश होतो आहे.

१७ मार्च, सोमवार

दुसरी तपासणी. पत्नीच्या डोळ्यांतला दाब उतरला आहे. डॉक्टर समाधानी दिसले; या वेळी पत्नीही आत बसली होती. फाईल मिटता मिटता म्हणाले, "आणि मुलीचं काय झालं? दाखवलंत का तिला?"

मी विचारले, कोणाला?

"आजोबा, मी त्याच दिवशी बोललो ना! आईला असेल तर मुलांना व्हायची शक्यता कितीतरी जास्त. चाळिशीच्या आसपासची मुलगी आहे म्हणालात. लगेच तपासून घ्या म्हटलं होतं. इथे लिहूनही दिलंय."

फाईलच्या पहिल्याच पानावर खाली लिहिले होते. मराठीत. सुवाच्य अक्षरात. चौथीच्या मुलाला वाचता येईल असे.

आता आठवते. खांद्यावर हात ठेवून ते वाक्य बोलल्यानंतर डॉक्टरांचे ओठ हलतच होते. मी त्या पाच इंग्रजी शब्दांत अडकलो होतो. अर्थ विचारला तर अडाणी ठरेन, या भीतीने मान हलवीत होतो. त्यांनी मुलीविषयी विचारले असणार, मी तिचे वय सांगितलेही असणार. पुढचे एक अक्षर माझ्यापर्यंत पोचले नाही.

आणि मग चौदा दिवस! कोश काय, बाईंना विचारणे काय, शब्दांची मापे काय! माझा अपराध मी भिंगाखाली धरून न्याहाळत बसलो. फाईल कपाटात होती. समोरचे अतिशय बारीक दिसले.

रिक्षात बसल्यावर पत्नी मध्येच म्हणाली, "आरसा." एवढेच. मग माझी बाही घट्ट धरली.

डावीकडचा आरसा. महिन्यात दोनदा.

१८ मार्च, मंगळवार

मुलीला फोन केला. डोळे तपासून घे म्हटले.

"मला काय झालंय?"

"काही नाही. डॉक्टरांचा नियम आहे."

"बाबा, मागच्या वर्षी तुम्हीच तपासलेत की. शेवटची ओळ सुद्धा वाचली मी. 'शंभर नंबरी डोळे' म्हणालात, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं."

म्हणालो होतो. खरे आहे.

"आणि आगारात कळलं की ही डोळे दाखवत फिरतेय, तर आधी गाडीवरून उतरवतील, मग विचारतील. बघू पुढच्या महिन्यात."

येथे सर्व सांगावयास हवे होते. आईचे, चार चष्म्यांचे, तक्त्याचे. "बरे," म्हणालो.

१९ मार्च, बुधवार

सांगितले नाही.

२० मार्च, गुरुवार

सांगितले नाही. दुकानातले तिचे शाबासकीचे पत्र पुसून पुन्हा लावले.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळचे थेंब घालताना पत्नीला सांगून टाकले. तिचे डोळे मिटलेले होते म्हणून जमले. डॉक्टर काय म्हणाले, ते वाक्य, दोन वर्षे, उजवा डोळा वाचला असता — सर्व क्रमाने सांगितले.

तिने पदराने गालावरचा ओघळ पुसला. मला वाटले, आता म्हणेल, जाऊ द्या. तशी ती नेहमी म्हणते.

"दाराला आपटले तेव्हा तुम्ही हसलात," ती म्हणाली. "चार माणसांसमोर. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण ते आपण नंतर बघू. मला काय सांगत बसलात? तिला सांगा!"

"तिला कसे—"

"तोंडाने."

दोन मिनिटांनी स्वयंपाकघरातून आवाज आला, "लावला का फोन?"

लावला. मुलगी कामावर होती, उचलला नाही.

२२ मार्च, शनिवार

आज उचलला. मी उभा राहून बोललो. काही लपवले नाही. चार चष्मे म्हणालो, तीन वर्षे म्हणालो, तुझी परीक्षाही त्याच तक्त्यावर घेतली, ती परीक्षा बाद समज, असे म्हणालो.

आगाराच्या गोंगाटातून तिने विचारले,

"म्हणजे आईला तुम्ही तीन वर्षं नुसते चष्मेच लावत बसलात?"

"हो."

"आणि ती आपटत होती, तर तुम्ही तिलाच बोलत होतात."

"हो."

"बाबा, माझ्या डोळ्यांबद्दल आता तुम्ही एक शब्द बोलायचा नाही." फोन बंद.

खरे बोललो तर ती तपासणीला जाईल, असे मला वाटले होते. खरे बोललो म्हणून ती जाणार नाही, हे ध्यानात आले नव्हते.

२४ मार्च, सोमवार

फोन उचलत नाही. पत्नीचाही नाही.

२५ मार्च, मंगळवार

उचलत नाही. आरशापलीकडे तिला काय दिसते, काय दिसत नाही, हे कोणालाच माहीत नाही. तिलाही नाही. काचबिंदूमध्ये अंधार दिसत नाही, डॉक्टर म्हणाले होते. जे गेले ते गेले आहे हेच कळत नाही. आणि तिच्या मागे रोज शेकडो माणसे निर्धास्त बसतात.

तिच्या आगारात जाऊन साहेबांना सांगावे? मग तिची गाडी जाईल. माझ्यामुळे. न सांगावे? मग —

पान अपुरे ठेवले. लिहिण्याने काहीही होत नाही.

२७ मार्च, गुरुवार

दुकान उघडले नाही. तिच्या मार्गावरच्या पहिल्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. तिची बस आली, चढलो. तिने आरशात मला पाहिले, चेहरा हलला नाही. मी पुढच्या डाव्या आसनावर बसलो; तेथून तिचे डोके आणि रस्त्याची डावी बाजू दोन्ही दिसतात.

सव्वा तास मी मुलीऐवजी डावीकडे पाहत होतो. अशा कामाला मनुष्य किती निरुपयोगी असतो! ती उत्तम चालवते. चाक हातात घट्ट, उगाच हॉर्न नाही, म्हातारी चढेपर्यंत थांबते. मला वाटू लागले, मी भलतेच मनात घेतले.

मंडईच्या वळणावर डावीकडून एक सायकलवाला आला, मागे दुधाचे कॅन बांधलेला. मला तो दहा हात लांबून दिसला. बस वळतच राहिली. मी वाट पाहिली की, आता तिचा पाय हलेल.

"डावीकडे!" मी किंचाळलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ब्रेक लागला. माणसे पुढे आदळली. सायकलवाल्याने पत्र्यावर थाप मारून शिव्या दिल्या आणि निघून गेला. मागून कोणी म्हणाले, "आजोबा, गाडी तुम्हीच घ्या ना चालवायला!" सगळे हसले. मला आजोबा म्हटल्याचे आज काही वाटले नाही.

ती हसली नाही. वळूनही पाहिले नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत अतिशय सावकाश चालवली. सर्व उतरल्यावर पुढे पाहतच विचारले, "किती लांब होता तो?"

"दहा हात. मग पाच. मग एक."

"कॅन कोणत्या रंगाचे होते?"

"निळे."

तिने चाकावरचे हात खाली मांडीवर घेतले. "उतरा बाबा. मला गाडी जमा करायची आहे."

उतरलो. आगाराच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. अर्धा तास, पाऊण तास. ती दुसऱ्या फाटकाने गेली असावी.

२९ मार्च, शनिवार

तिने आईला फोन केला. माझी चौकशी केली नाही. काय बोलणे झाले, ते पत्नीने सांगितले नाही. मी विचारले नाही.

शिक्षिकाबाई जिन्यात भेटल्या. "गिऱ्हाइकाला अर्थ समजला का, काका?" मी म्हणालो, समजला, उशीर लागला. त्या पुढे गेल्यावर वाटले, त्यांना सांगावे की, हे सांत्वन खरे, परंतु ज्याने चूक केली त्याला लगेच देऊ नये. तो तेथेच घर करून राहतो. आणि बाहेर कोणीतरी गाडी चालवीत असते.

१ एप्रिल, मंगळवार

दुकानात आलेल्या प्रत्येकाला विचारतो, बाजूचे दिसते का? काही हसतात. एक बाई रागावून दुसऱ्या दुकानात गेल्या.

फोन नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

मुलगी आली. बसने आली, खिडकीशी बसून, तिकीट काढून. आपल्या तपासणीची फाईल माझ्यासमोर ठेवली. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेली आहे, उजवा अजून शाबूत आहे. यापुढे बस नाही. मी वाचून फाईल मिटली.

थेंब घालणे तिला जमत नव्हते, सारखी पापणी मिटत होती. पत्नीने तिला खुर्चीत बसवले, चाचपत तिची हनुवटी वर केली, बोटाने पापणी शोधली आणि बरोबर मध्यावर एक थेंब सोडला. "आता मीट," म्हणाली. मग दोघी डोळे मिटून शेजारी शेजारी बसल्या. मी बाटलीचे झाकण हातात धरून उभा होतो.